डब्यातले ग्रॅम, खोलीतली हवा

हरित इमारतीच्या मानांकनाची जी फाइल असते, तिच्यात रंगासाठी एक पान लागतं. कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी: आमच्या अमुक इमल्शनमध्ये व्हीओसीचं, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांचं प्रमाण लिटरला ५० ग्रॅमपेक्षा कमी आहे. खाली सही आणि शिक्का. नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या लहानशा ऑफिसात बसून अशी कितीतरी पानं मी स्वतः फायलींना लावली आहेत. पान लागलं की रंगाचा रकाना भरतो, गुण मिळतात, विषय मिटतो. तो इतक्यात मिटायला नको, असं आता मला ठामपणे वाटतं. पानावरची ओळ खोटी असते असं नाही. पण घरात राहायला येणारा माणूस विचारेल ते वेगळंच असतं: या भिंतीतून माझ्या खोलीत काय येतंय, किती येतंय आणि किती दिवस येत राहणार? पान फक्त डब्यात किती होतं तेवढं सांगतं.

हा फरक माझ्या डोक्यात पक्का बसला तो एका पेंटरमुळे. मनीषनगरमधल्या एका फ्लॅटचं काम चालू होतं, दिवाळी तोंडावर आलेली. बाहेर रस्त्याचं सिमेंटीकरण सुरू, धूळ ओल्या भिंतीवर बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. दुसरा हात मारून पेंटर घोडीवरून खाली उतरले आणि बाहीने डोळे पुसत म्हणाले, ‘ताई, वास त नाई येत याचा, पन डोये लय चुरचुरते.’ मी डबा फिरवून पाहिला. त्यावर ‘लो व्हीओसी’ होतं, ‘मंद सुगंध’ होता, हिरवं पानही होतं. माझ्या फायलीच्या हिशेबाने त्या खोलीत सगळं ठीक होतं.

वास नाही म्हणजे काही नाही, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि रंगाच्या जाहिराती तिच्यावरच चालतात. पाण्यावरच्या रंगात सामू राखायला बऱ्याचदा अमोनिया असतो. तो डोळ्यांना झोंबतो, पण सेंद्रिय नसल्यामुळे व्हीओसीच्या हिशेबात धरलाच जात नाही. डबा सडू नये म्हणून आयसोथायाझोलिनोन वर्गातली परिरक्षकं घालतात. प्रमाण अगदी थोडं, त्यामुळे ग्रॅमच्या हिशेबात ती जाणवत नाहीत, पण ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांची कातडी आणि नाक ती ओळखतं. उलट एखादा वास असलेला पदार्थ दोन दिवसांत उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. नाक हे काही प्रमाणपत्र नव्हे. आणि डब्यात घातलेला सुगंध हा स्वतःच हवेत उडणारा सेंद्रिय पदार्थ असतो, हे तर कोणी सांगतही नाही.

लिटरला अमुक ग्रॅम हे माप आलं कुठून, ते पाहिलं की बराच उलगडा होतो. ते घरातल्या हवेसाठी जन्मलंच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारं धुरकं साचायला लागलं. १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हवेत उडालेली हायड्रोकार्बनं उन्हात एकत्र आली की ओझोन होतो आणि त्यातून हे धुरकं. रंगातला सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रव, हाही त्याच हायड्रोकार्बनांत मोडत होता. म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण यंत्रणेने १९७७ साली इमारतींच्या रंगांसाठी नियम केला, तोच पुढे सुधारत गेलेला ‘नियम १११३’. त्या नियमाला शहरावरच्या आकाशाची काळजी होती. म्हणूनच अमेरिकेच्या व्याख्येत धुरकं न करणारी रसायनं व्हीओसीतून वगळलेली आहेत. ॲसिटोन १९९५ साली वगळलं गेलं. आकाशाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. झोपायच्या खोलीच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही.

युरोपने २००४च्या निर्देशात दुसरी रेघ ओढली: साधारण वातावरणीय दाबाला २५० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जे उकळतं ते व्हीओसी. २०१० पासून तिथे पाण्यावरच्या मॅट भिंतीच्या रंगाला लिटरला ३० ग्रॅमची मर्यादा आहे, आपल्या ५०पेक्षा कडक. पण रेघ ओढली की तिच्या पलीकडे काय उभं आहे तेही बघावं लागतं. पाण्यावरच्या रंगातले पॉलिमरचे बारीक कण वाळताना एकमेकांत मुरून सलग पापुद्रा व्हावा म्हणून एक मदतनीस द्रव घालतात. त्यातला सगळ्यात ओळखीचा टेक्सनॉल. तो उकळतो २५४ अंशांच्या आसपास. चार अंशांच्या फरकाने तो डब्याच्या हिशेबातून सुटतो. खोलीच्या हवेतून मात्र सुटत नाही: ताज्या इमल्शनच्या खोलीतली हवा तपासली की सापडणाऱ्या पदार्थांत त्याचं नाव हमखास असतं, आणि जड असल्यामुळे तो सावकाश, आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहतो. ‘झिरो व्हीओसी’ लिहिलेल्या डब्यातून रंगवलेली भिंत महिनाभर काहीतरी सोडत असते, ती याच वाटेने, आणि त्यात लेबल खोटं ठरत नाही.

मोजण्याच्या पद्धतीचीही एक गोम आहे. अमेरिकेतली जुनी ‘पद्धत २४’ अशी: रंग तापवायचा, किती वजन घटलं ते पाहायचं, त्यातून पाणी वजा करायचं, उरेल ते व्हीओसी. तेली रंगाला हे चालून जातं. पण ज्या रंगात पाणीच पाणी आणि सेंद्रिय पदार्थ चिमूटभर, तिथे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढायचा असतो, आणि पाणी मोजण्यातली बारीकशी चूक सगळी त्या लहान आकड्यावर येऊन पडते. म्हणून कमी व्हीओसीच्या रंगांसाठी मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीवर एकेक पदार्थ थेट मोजण्याच्या पद्धती आल्या. कंपनीच्या पानावर आकडा कोणत्या पद्धतीने काढला तेवढी एक ओळ जरी असली, तरी फाइल वाचणाऱ्याला बरंच कळेल. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पानांवर ती नसते.

शिवाय पान असतं ते पांढऱ्या बेसचं. भिंतीवर चढतो तो शेड. इतवारीतल्या कुठल्याही रंगाच्या दुकानात जा, टिंटिंग मशीन बेसच्या डब्यात रंगद्रव्याच्या धारा सोडतं आणि डबा हलवून हातात देतं. ही रंगद्रव्यं बरीच वर्षं ग्लायकॉल या सेंद्रिय द्रवात कालवलेली असत, अजूनही अनेक ठिकाणी असतात. फिकट क्रीमला दोन थेंब लागतात, पण गडद विटकरी किंवा मोरपंखी भिंत हवी असेल तर धार बरीच वाहते आणि पांढऱ्या बेसचं ‘लो’ तिथेच मागे राहतं. घरोघरी एक भिंत गडद करायची पद्धत पडली आहे, बहुधा मुलांच्या खोलीत. त्या भिंतीचं पान मी कधी पाहिलेलं नाही.

लिटरला ग्रॅम हे माप टाकून द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. त्याने मोठं काम केलं आहे. तेली एनॅमलमध्ये लिटरला तीन-चारशे ग्रॅम सॉल्व्हंट असतो, वर पेंटर टर्पेंटाइन ओततो ते वेगळंच. तिथून ५०वर येणं ही खरी कमाई आहे. आयजीबीसी या भारतीय हरित इमारत परिषदेच्या घरांसाठीच्या मानांकनात मॅट रंगाला ५० आणि चकाकीच्या रंगाला १५० ग्रॅमची मर्यादा आली, त्यामुळे बाजारातले डबे बदलले. पण आता हिशेब करून बघा. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, अडीच मीटर उंच अशी खोली. दोन हातांना साधारण सहा लिटर रंग लागला. मर्यादेच्या आत असूनही त्यातून ३०० ग्रॅमपर्यंत सेंद्रिय पदार्थ उडू शकतात. हवेची मापं मायक्रोग्रॅममध्ये असतात, आणि त्या भाषेत हे ३० कोटी मायक्रोग्रॅम. यातलं बरंचसं पहिल्या काही दिवसांत निघून जातं. पण हे ३०० ग्रॅम कशाचे? प्रॉपिलीन ग्लायकॉलचा एक ग्रॅम आणि फॉर्मॅल्डिहाइडचा एक ग्रॅम या हिशेबात सारखेच धरले जातात. फॉर्मॅल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा स्पष्ट निष्कर्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी त्याची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीवर. ग्रॅममध्ये केलेल्या बेरजेतून ती मर्यादा पाळली जाते की मोडते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मग भिंत काय सोडते ते मोजायचं कसं? ती पद्धत आहे, आणि ती मला फार देखणी वाटते. काचेचा किंवा पॉलिश केलेल्या स्टीलचा एक बंद डबा घ्यायचा, यालाच कक्ष म्हणतात. काचपट्टीवर किंवा जिप्सम बोर्डावर रंगाचा ठरलेला थर लावून ती पट्टी डब्यात ठेवायची. तापमान २३ अंश, आर्द्रता निम्मी. एका बाजूने गाळलेली स्वच्छ हवा ठरलेल्या वेगाने आत येते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. बाहेर पडणारी हवा टेनॅक्स नावाच्या शोषक पावडरीच्या नळीतून ओढतात. हवेतले पदार्थ तिला चिकटतात. मग ती नळी तापवून तिच्यातलं सगळं गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात आणि एकेका रसायनाचं नाव आणि वजन हातात येतं. फॉर्मॅल्डिहाइडसाठी वेगळी नळी, वेगळं यंत्र. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याच्या पद्धतीत नमुना १० दिवस मुरवून पुढचे ४ दिवस कक्षात तपासतात, म्हणजे चौदाव्या दिवशीचं उत्तर मिळतं. युरोपात तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मोजतात. तिथून पुढे गणित: एक चौरस मीटर रंग तासाला इतकं सोडतो, तर ठरावीक मापाच्या खोलीत, ठरावीक वायुवीजनात हवेत त्याचं प्रमाण किती होईल? कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत फॉर्मॅल्डिहाइडला घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. फ्रान्सने २०१२ पासून रंगाच्या प्रत्येक डब्यावर ए-प्लसपासून सीपर्यंत श्रेणी छापणं सक्तीचं केलं, ती याच अठ्ठावीस दिवसांच्या मोजणीवरून. दुकानात उभ्या असलेल्या बाईला चष्मा न लावता कळेल अशी ती श्रेणी आहे.

अमेरिकेतल्या लीड मानांकनाने २०१३च्या चौथ्या आवृत्तीत हाच रस्ता धरला. रंगाला उत्सर्जनाची, म्हणजे तो हवेत काय सोडतो याची, चाचणी द्यावी लागते आणि त्याशिवाय डब्यातल्या ग्रॅमची मर्यादाही पाळावी लागते. दोन्ही का, याचं त्यांनी दिलेलं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: जागेवर ओले लावायचे पदार्थ लावणाऱ्या कामगारासाठी. चौदाव्या दिवशी हवा स्वच्छ असेल तर राहणाऱ्याचं भलं झालं. पण पेंटर तर पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, भिंतीपासून हातभर अंतरावर तोंड करून उभा असतो. पेंटरचं काम हेच कर्करोगाचं कारण ठरतं, हा त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेचा १९८९चा निष्कर्ष आहे आणि नंतर तो पुन्हा तपासून कायम केला गेला. त्यात जुने सॉल्व्हंट, जुनी रंगद्रव्यं, खरवडताना उडणारी धूळ सगळं आलं. ग्रॅमची मर्यादा ही त्या माणसाची ढाल आहे आणि उत्सर्जनाची चाचणी राहणाऱ्याची. आपल्याकडे पहिलीचं पान दाखवून दुसरीचाही प्रश्न सुटला असं धरून चालतात. आणि पहिलीसुद्धा साइटवर टिकत नाही. डब्यात कोणी काय ओतलं, लाकडाला कोणतं मेलामाइन किंवा पीयू पॉलिश लागलं, याची नोंद फायलीत येत नाही. खरं तर नव्या घरात फर्निचरचं पॉलिश आणि प्लायमधला गोंद भिंतीच्या रंगापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो.

आता हे सगळं नागपुरात आणून ठेवा. चाचणी २३ अंशांवर होते. आपल्याकडे २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ज्या वर्षी विक्रम होत नाही त्या वर्षीही मेच्या दुपारी पश्चिमेची भिंत हाताला चटका देते. तापमान वाढलं की पदार्थाची वाफ होण्याची ओढ वाढते. टेक्सनॉलसारखा जड पदार्थ २३ अंशांवर जितका सावकाश निघतो, तितका तापलेल्या भिंतीतून निघणार नाही. त्यात आपल्या भिंती जिप्सम बोर्डाच्या नाहीत. सिमेंटचा गिलावा, त्यावर लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, मग प्रायमर. असा सच्छिद्र थर रंगातलं थोडं आत ओढून घेतो आणि मग हळूहळू परत देतो. म्हणून काचपट्टीवरच्या चौदाव्या दिवसाचं उत्तर इथल्या भिंतीला जसंच्या तसं लागू धरता येत नाही. चाचणीची मूळ पद्धत बदलू नये, नाहीतर जगाशी तुलना कशी करणार? पण तिच्या जोडीला ३५ किंवा ४० अंशांवर आणि आपल्या गिलाव्या-लांबीवर एक मोजणी मागायला काय हरकत आहे?

आणि हवा बदलण्याचा मुद्दा. नागपूरकराला कूलरचं महत्त्व सांगायला नको. पण तो नेमकं काय करतो ते बघा: बाहेरची हवा ओल्या वुडवूलमधून ओढून आत ढकलतो, आणि ती बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. म्हणजे कूलरच्या खोलीत हवा सारखी बदलत असते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, दारं-खिडक्या घट्ट लावून. युरोपच्या चाचणीतली जी नमुन्याची खोली आहे ती ३० घनमीटरची, वर मी घेतली तीच, आणि तासाला निम्मी हवा बदलते, म्हणजे १५ घनमीटर, असं धरलं आहे. समजा आपल्या एसीच्या खोलीत रात्रभर तासाला फक्त ६ घनमीटर बदलली. भिंत तेवढंच सोडत असली तरी हवेतलं प्रमाण अडीच पट होईल. आता गंमत अशी की वीज वाचवणारी, उत्तम सीलबंद खिडक्यांची, दुहेरी काचेची इमारत म्हणजेच हरित इमारत. ऊर्जेचे गुण मिळवण्यासाठी आपण घर जितकं घट्ट करतो तितका भिंतीतून येणाऱ्या हवेचा प्रश्न जास्त महत्त्वाचा होतो. महाल या जुन्या वस्तीतल्या, चुन्याने पोतारलेल्या, फटीफटींतून वारा घेणाऱ्या घराला ही काळजी नव्हती. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेल्या घरालाच ती जास्त आहे.

लीडमध्ये यावर एक उपाय दिला आहे: राहायला येण्याआधी घर हवेने धुवून काढायचं. जमिनीच्या दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा. आपल्या १२ चौरस मीटरच्या खोलीला हे सुमारे ५१,००० घनमीटर होतात. तासाला १५ घनमीटरने ते पुरं व्हायला साडेचार महिन्यांहून जास्त लागतील, तर तासाला ३,००० घनमीटर फेकणारा डेझर्ट कूलर, पाणी न घालता नुसता पंखा म्हणून चालवला, तर हाच आकडा सतरा तासांत गाठेल. नव्या घरात मी आता हे करायला सांगते, आणि फायदा होतो. तरी भिंतीच्या पोटात मुरलेलं आपल्या गतीने येतं, त्याला सतरा तास पुरत नाहीत. ताबा दसऱ्याला द्यायचा आणि शेवटचा हात नवमीच्या रात्री मारायचा, हा आपल्याकडचा रिवाज आधी मोडला पाहिजे.

हा खासगी निवडीचा विषय आहे, ज्याला हवं त्याने चांगला रंग घ्यावा, असं काही बिल्डर मित्र म्हणतात. मला ते पटत नाही, आणि याचं कारण एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते ठरवणारा आकडा. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनाला जादा चटईक्षेत्राचं बक्षीस आहे: आयजीबीसीचं सिल्व्हर किंवा ग्रिहा या दुसऱ्या देशी मानांकनाचे तीन तारे असतील तर मूळ एफएसआयच्या ३ टक्के, गोल्ड किंवा चार तारे असतील तर ५, प्लॅटिनम किंवा पाच तारे असतील तर ७. २,००० चौरस मीटरचा प्लॉट आणि मूळ एफएसआय १.१ धरला तर ७ टक्के म्हणजे १५४ चौरस मीटर, साडेसोळाशे चौरस फूट. दोन फ्लॅट. हे शहराने दिलेलं आहे. त्याचा भार रस्त्यावर, गटारावर, पाण्याच्या टाकीवर आपण सगळे उचलतो. रंगाचा यात वाटा छोटा आहे हे मान्य. लीडच्या चौथ्या आवृत्तीत कमी उत्सर्जनाच्या सगळ्या साहित्याला मिळून ११०पैकी ३ गुण आहेत. पण सार्वजनिक बक्षिसाच्या बदल्यात दिलेला पुरावा, मग तो एका गुणाचा असो, सार्वजनिकच असला पाहिजे. आज तो बिल्डरच्या, सल्लागाराच्या आणि मानांकन देणाऱ्या संस्थेच्या कपाटात राहतो. फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात येतं ते करारनाम्यातल्या सुविधांच्या यादीतलं ‘लो व्हीओसी पेंट’ एवढंच.

शिशाच्या बाबतीत आपण हे करून दाखवलं आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मर्यादा एकच, मोजायची वस्तू तयार रंग, आणि डब्यावर तसं छापायचं. त्याआधी ‘आम्ही शिसं वापरत नाही’ असं तोंडी सांगणारे पुष्कळ होते. खोलीतल्या हवेसाठी असा बंधनकारक नियम आपल्याकडे नाही, सगळा कारभार ऐच्छिक मानांकनांवर चालतो. निदान दाव्यांपुरती तरी वाट मोकळी झाली आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यानुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असं म्हणणाऱ्याने पडताळता येईल असा पुरावा दिला पाहिजे. डब्यावरच्या हिरव्या पानाला तो नियम लावून बघायला हवा.

लहान उत्पादकांचा आक्षेप मला खरा वाटतो. हिंगणा किंवा बुटीबोरीतला छोटा रंग कारखाना परदेशी प्रयोगशाळेत कक्ष-चाचणी कशी करणार? मोठ्या ब्रँडांकडे अहवाल असतील, छोट्यांकडे नसतील, आणि हवेच्या नावाखाली बाजार मोठ्यांच्या हातात जाईल. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण त्यावर उत्तर चाचणी सोडून देणं हे नव्हे. दर शेडची चाचणी कोणीच मागत नाही. एका मालिकेतला सगळ्यात जास्त रंगद्रव्य लागणारा शेड तपासला की फिकट शेड त्यात येतात. आणि प्रयोगशाळा जवळ हवी, सार्वजनिक हवी. त्यासाठी नागपूरइतकं योग्य गाव देशात शोधून सापडणार नाही. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून इथे आहे, हवेचे नमुने घेणं आणि त्यातली रसायनं ओळखणं हे तिचं रोजचं काम. १९४२ साली डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, इथे आहे, आता विद्यापीठ झालेली, आणि तिथे पृष्ठलेपन, म्हणजे रंगांचं तंत्रज्ञान, पदवीला शिकवतात. एका संस्थेला हवा कळते, दुसरीला रंग कळतो, आणि दोघींच्या मध्ये काही किलोमीटरचं अंतर. चाळीस अंशांवरची मोजणी कशी करायची याची पद्धत इथेच बसवली तर ती चंद्रपूरला, अकोल्याला, रायपूरला, सगळ्या तापणाऱ्या गावांना उपयोगी पडेल. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) यांनी जादा एफएसआय देताना या चाचणीचा अहवाल मागावा आणि परवानगीच्या बाकी कागदांबरोबर तो संकेतस्थळावर लावावा, एवढं झालं तरी खूप.

स्वस्तातला हवा-मापक घेऊन खोलीत ठेवला की पुरे, असंही कोणी सुचवतं. ऑनलाइन मिळणारे ते छोटे सेन्सर कोणत्याही वाफेने हलतात. स्वयंपाकघरात फोडणी बसली तरी लाल होतात, सॅनिटायझर लावला तरी लाल होतात. कोणतं रसायन ते सांगत नाहीत. ३० मे २०२४ आठवतो का? रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दुपारभर तो आकडा देशभर फिरला. हवामान खात्याने यंत्र तपासलं, सेन्सर बिघडला होता असं जाहीर केलं आणि आकडा मागे घेतला. त्या दिवशी आपल्या गावाने एक चांगली गोष्ट पाहिली: आकडा आला, त्यावर शंका घेतली गेली, तपासायला माणूस गेला. रंगाच्या पानावरच्या आकड्याला ही शंका अजून कोणी विचारलेली नाही, कारण तो तपासता येईल अशा रूपात कोणासमोर आलेलाच नाही.

मी यंदा विचारायला सुरुवात केली. बेसा रोडला एका कुटुंबाचं घर चालू होतं, आजी दम्याच्या, नातू दोन वर्षांचा. तीन कंपन्यांना मेल पाठवली: निवडलेल्या शेडचा, टिंट घातल्यानंतरचा, उत्सर्जन चाचणीचा अहवाल द्या, चाचणी कोणी केली, किती दिवसांनी मोजलं, फॉर्मॅल्डिहाइड किती आलं तेही लिहा. दोघांकडून लिटरला ग्रॅमचं तेच पान परत आलं. तिसऱ्यांनी कक्ष-चाचणीचा खरा अहवाल पाठवला, बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, चौदा दिवसांचा, सगळी रसायनं नावानिशी. पांढऱ्या बेसचा होता. मी परत लिहिलं, त्यांच्या तांत्रिक विभागातल्या मुलीने फोन करून मोकळेपणाने सांगितलं की टिंट घातलेल्या शेडचा अहवाल आजवर कोणी मागितलाच नव्हता, ती वर विचारते. मग आजींच्या खोलीला आम्ही पांढराच ठेवला, ज्याचा अहवाल हातात होता तो. गृहप्रवेशाचा मुहूर्त त्यांना अक्षय्य तृतीयेचाच हवा होता. तो तसाच ठेवला आणि शेवटचा हात होळीच्या आधी संपवून घेतला, खिडक्या उघड्या ठेवून, पेंटरच्या तोंडाला कापडाऐवजी कार्बनचा मास्क देऊन. मधले दीड महिने घर रिकामं होतं. कूलर त्या रिकाम्या घरात कोरडाच चालू होता.